परदेशी नोकरीचा पोलीस दाखला: कोणता घ्यावा, कसा साक्षांकित करावा

नोकरीचे पत्र येते, पगार ठरतो, घरात तयारी सुरू होते आणि मग कंपनीकडून कागदांची यादी येते. पदवी, अनुभवाचे दाखले, वैद्यकीय तपासणी आणि त्यांच्यात एक ओळ असते: पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, साक्षांकित. या एका ओळीपायी कितीतरी जणांची रुजू होण्याची तारीख पुढे जाते. कोणी पोलिसांकडून चारित्र्याचा दाखला आणतो आणि तो वकिलातीत नाकारला जातो. कोणी पैसे भरून अपोस्टिल, म्हणजे साक्षांकनाचा एक प्रकार, करून घेतो आणि तो देश अपोस्टिल मानतच नाही हे नंतर कळते. कोणी सगळे बिनचूक करतो, पण इतके आधी, की व्हिसाचा अर्ज जाईपर्यंत दाखला जुना झालेला असतो.

हे सगळे टाळता येते. त्यासाठी काम उलट्या टोकापासून सुरू करावे लागते. आपण सहसा जवळचे कार्यालय गाठतो, हाती येईल तो कागद घेतो आणि मग तो कुठे चालेल ते विचारतो. त्याऐवजी तुमचा दाखला शेवटी कोणाच्या टेबलावर जाणार आहे हे आधी ठरवा. त्या माणसाला कोणाची सही आणि कोणता शिक्का ओळखीचा आहे ते शोधा आणि तिथून एकेक पायरी मागे येत आपल्या गावापर्यंत या. कोणता दाखला, कोणता शिक्का, केव्हा आणि किती पैशांत, या सगळ्यांची उत्तरे या एका सवयीतून मिळतात.

आधी चार प्रश्न, मग अर्ज

अर्ज भरण्यापूर्वी नोकरी देणाऱ्या कंपनीला, किंवा त्या देशाच्या वकिलातीच्या अधिकृत सूचना वाचून स्वतःला, चार प्रश्न विचारा. दाखला कोणत्या देशांचा हवा, फक्त भारताचा की यापूर्वी राहिलो त्या देशांचाही? त्यावर साक्षांकन हवे का, आणि हवे असेल तर अपोस्टिल की वकिलातीचा शिक्का? दाखला किती जुना चालेल? भाषांतर लागेल का, आणि ते कोणाकडून? कंपनीकडून उत्तरे ईमेलवर लेखी घ्या. फोनवर मिळालेले ‘हो, चालेल’ पुढे कोणाला दाखवता येत नाही.

दुसरा प्रश्न अनेक जण विचारतच नाहीत आणि तिथेच पैसे जातात. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या व्हिसा अर्जाला भारतातल्या पासपोर्ट कार्यालयाने दिलेला मूळ दाखला स्कॅन करून जोडला की काम होते, त्यावर अपोस्टिल मागत नाहीत. ब्रिटनमध्ये आरोग्य, शिक्षण आणि सामाजिक देखभाल या क्षेत्रांतल्या ठरावीक पदांवर जाणाऱ्यांकडून स्किल्ड वर्कर व्हिसासाठी असा दाखला मागतात, पण तिथेही साक्षांकनाची अट नसते. या देशांसाठी कोणी ‘अपोस्टिल सक्तीचे आहे’ असे सांगून पॅकेज विकत असेल, तर आधी त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरची यादी उघडून पाहा.

नियम बदलतात हेही लक्षात ठेवा. संयुक्त अरब अमिरातीने ४ फेब्रुवारी २०१८ पासून नोकरीच्या व्हिसासाठी सद्वर्तनाचा दाखला सक्तीचा केला आणि त्याच वर्षी १ एप्रिलपासून भारतासह काही देशांच्या नागरिकांसाठी ती सक्ती स्थगित केली. सौदी अरेबियाच्या दूतावासाने नोव्हेंबर २०२२ मध्ये जाहीर केले की भारतीयांना व्हिसासाठी पोलीस दाखल्याची गरज उरलेली नाही. त्याआधीचे काही महिने याच दाखल्यासाठी लोकांची धावपळ चालली होती. म्हणून दोन वर्षांपूर्वी गेलेल्या मावसभावाचा अनुभव ऐकून घ्यावा, पण अर्ज करावा तो आजच्या सूचनेवरून.

दोन दाखले, दोन वेगळी कामे

महाराष्ट्रात सर्वाधिक गोंधळ होतो तो इथे. ‘पोलिसांचा दाखला’ म्हणून आपल्याकडे दोन वेगवेगळे कागद ओळखले जातात.

पहिला, राज्य पोलिसांचा चारित्र्य पडताळणीचा दाखला. ऑनलाइन अर्ज केल्यावर पोलीस आयुक्तालय किंवा जिल्हा पोलीस अधीक्षक कार्यालय तो देते. देशातल्या खासगी नोकऱ्या, सुरक्षारक्षकाचे काम, परवाने यांसाठी तो उपयोगी पडतो.

दुसरा, पासपोर्ट कार्यालयाकडून मिळणारे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, म्हणजे बोलण्यातले पीसीसी. तो परराष्ट्र मंत्रालयाच्या अखत्यारीतला कागद आहे. परदेशातली नोकरी, दीर्घ मुदतीचा व्हिसा, रहिवासाचा परवाना किंवा कायमचे स्थलांतर यांसाठी हाच लागतो. पर्यटक व्हिसावर जाणाऱ्यांना तो दिला जात नाही.

परदेशी नोकरीसाठी जवळपास नेहमी दुसरा दाखला घ्यायचा. त्याचा साक्षांकनातही फायदा होतो. राज्य पोलिसांच्या दाखल्यावर आधी राज्य सरकारच्या गृह किंवा सामान्य प्रशासन विभागाचे साक्षांकन घ्यावे लागते आणि मगच तो परराष्ट्र मंत्रालयाकडे जातो. पासपोर्ट कार्यालयाचा दाखला केंद्राच्याच कार्यालयातून निघालेला असल्याने तो थेट परराष्ट्र मंत्रालयाकडे नेता येतो. पीसीसीसाठी एखाद्या एजंटाने ‘मंत्रालयातला गृह विभागाचा शिक्का’ म्हणून वेगळे पैसे लावले, तर कशासाठी ते जरूर विचारा.

एक अपवाद गोव्यातल्या वाचकांना माहीत असायला हवा. ज्यांनी पोर्तुगीज नागरिकत्व घेतले आहे त्यांच्याकडे भारतीय पासपोर्ट नसतो, त्यामुळे त्यांना पासपोर्ट कार्यालयाकडून पीसीसी मिळत नाही. भारतातल्या वास्तव्याबद्दल त्यांना परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे किंवा स्थानिक पोलीस अधीक्षकांकडे अर्ज करावा लागतो.

अर्ज भरताना

अर्ज पासपोर्ट सेवेच्या सरकारी संकेतस्थळावरून किंवा एमपासपोर्ट सेवा या ॲपवरून करायचा. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता ‘गव्ह डॉट इन’ने संपतो. हुबेहूब तशाच दिसणाऱ्या आणि जास्त पैसे घेणाऱ्या खोट्या साइटींबद्दल परराष्ट्र मंत्रालयाने वेळोवेळी सावध केले आहे. दाखल्याचे सरकारी शुल्क ५०० रुपये आहे. ते भरून भेटीची वेळ घेतली की मूळ कागद घेऊन केंद्रावर जायचे. मुंबईत अंधेरी, मालाड, लोअर परळ, तसेच ठाणे, नाशिक, पुण्यात मुंढवा, नागपूर इथे पासपोर्ट सेवा केंद्रे आहेत. २८ सप्टेंबर २०२२ पासून टपाल कार्यालयांतल्या पासपोर्ट सेवा केंद्रांतही पीसीसीचा अर्ज घेतला जातो. तालुक्याच्या गावातून मोठ्या शहरात खेप घालण्याआधी जिल्ह्यातल्या टपाल कार्यालयात सोय आहे का ते बघा.

सोबत मूळ पासपोर्ट आणि त्याच्या पहिल्या दोन व शेवटच्या दोन पानांच्या स्वतः सही केलेल्या झेरॉक्स प्रती लागतात. पासपोर्टवर काही शेरा असेल तर त्या पानाचीही प्रत न्या. राहते घर पासपोर्टवरच्या पत्त्यापेक्षा वेगळे असेल, तर सध्याच्या पत्त्याचा पुरावा हवा. ईसीआर पासपोर्ट असलेल्या, म्हणजे साधारणपणे दहावी उत्तीर्ण नसलेल्या कामगारांनी आखातासारख्या भागात जाताना नोकरीचा करार आणि व्हिसाची प्रतही जवळ ठेवावी, कारण त्यांच्याकडे ती मागितली जाते.

अर्जात जाण्याचा देश विचारला जातो. ती रकाना भरण्यापुरती माहिती समजू नका. दाखल्याच्या मजकुरात त्या देशाचे नाव छापले जाते. कतारसाठी घेतलेला दाखला कुवेतच्या वकिलातीत चालेल असे गृहीत धरता येत नाही. दोन देशांत प्रयत्न चालू असतील, तर नोकरी पक्की होईपर्यंत थांबा किंवा दोन अर्ज करा.

नावाची तपासणी अर्जाआधीच करा. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव इंग्रजीत दोन-तीन तऱ्हांनी लिहिले जाते. दहावीच्या गुणपत्रिकेवर एक, आधारवर दुसरे आणि पासपोर्टवर तिसरे स्पेलिंग असते. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा पतीचे असते आणि परदेशी अर्जात ते कधी पहिल्या नावात, तर कधी स्वतंत्र रकान्यात जाते. लग्नानंतर नाव बदललेल्या बहिणींच्या पदव्या माहेरच्या नावाने असतात आणि पासपोर्ट सासरच्या. पीसीसी पासपोर्टप्रमाणेच निघणार, म्हणून बाकीचे सगळे अर्ज पासपोर्टवरच्या नावाशी जुळवा आणि जिथे फरक राहतो तिथे विवाह नोंदणीचा दाखला किंवा राजपत्रातली नावबदलाची जाहिरात जोडायला तयार ठेवा.

पासपोर्टची मुदत वर्षभरात संपत असेल, तर आधी नवा पासपोर्ट घ्या. दाखल्यावर पासपोर्ट क्रमांक छापलेला असतो. दाखला घेतल्यानंतर पासपोर्ट बदलला की क्रमांक जुळत नाही आणि दाखला, साक्षांकन, भाषांतर हे सगळे पुन्हा करण्याची वेळ येते.

पोलीस पडताळणी

पासपोर्टवरचा पत्ता कायम असेल आणि पोलिसांचा आधीचा अहवाल उपलब्ध असेल, तर दाखला लवकर मिळू शकतो. एरवी अर्ज पोलिसांकडे जातो. शहरात विशेष शाखा किंवा पोलीस ठाण्यातले पासपोर्टचे काम पाहणारे कर्मचारी संपर्क साधतात, गावात पोलीस पाटलांकडेही विचारणा होऊ शकते. त्यांना दोन गोष्टी पाहायच्या असतात: तुम्ही दिलेल्या पत्त्यावर खरोखर राहता का आणि तुमच्यावर काही गुन्हा नोंद आहे का. नोकरीनिमित्त पुण्यात राहता आणि अर्जात मात्र साताऱ्याच्या गावचा पत्ता दिला असेल, तर ‘पत्त्यावर आढळले नाहीत’ असा शेरा पडतो आणि फाईल अडकते. जिथे राहता तोच पत्ता द्या. फोन चालू ठेवा, अनोळखी क्रमांकाचा फोनही त्या दिवसांत उचला.

या पडताळणीसाठी पोलिसांना कोणतेही शुल्क द्यायचे नसते. ‘चहापाण्या’ची मागणी झाली, तर महाराष्ट्र लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा १०६४ हा टोल फ्री क्रमांक आहे.

ज्यांच्या नावावर पूर्वी काही प्रकरण झाले आहे त्यांनी ते लपवू नये. भांडणात दाखल झालेला गुन्हा, चॅप्टर केस, मोटार अपघाताचा खटला, घरगुती वादातली तक्रार, हे सगळे पोलिसांच्या नोंदीत सापडते. न्यायालयाने निर्दोष सोडले असेल तर निकालपत्राची प्रमाणित प्रत काढून ठेवा. पोलिसांनी ब किंवा क समरी, म्हणजे तपास बंद करण्याचा अहवाल, दाखल केली असेल, तर ती न्यायालयाने मंजूर केल्याच्या आदेशाची प्रत हवी. लोकअदालतीत तडजोड झाली असेल तर त्या आदेशाची. प्रकरण दहा वर्षांपूर्वी मिटले तरी पोलिसांच्या नोंदीत ते ‘प्रलंबित’ राहिलेले असू शकते आणि ही प्रत दाखवल्यावरच नोंद दुरुस्त होते. खटला चालू असेल तर आधी वकिलाचा सल्ला घ्या, कारण तिथे न्यायालयाच्या परवानगीचा प्रश्न येतो. अर्जात खोटी माहिती देणे हा पासपोर्ट कायदा १९६७ च्या कलम १२ प्रमाणे गुन्हा आहे. त्याला दोन वर्षांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

दाखला हाती आला की केंद्राबाहेर पडण्याआधी तो अक्षरन् अक्षर वाचा. नाव, पासपोर्ट क्रमांक, देशाचे नाव, फोटो, अधिकाऱ्याची सही, शिक्का आणि तारीख पाहा. चूक असेल तर तिथेच सांगा. आणि त्याला लॅमिनेशन करू नका. प्लास्टिकमध्ये बंद केलेल्या कागदावर पुढचा शिक्का किंवा स्टिकर लावता येत नाही.

साक्षांकन नेमके कशाचे होते

साक्षांकन करणारे कार्यालय तुमच्या चारित्र्याची हमी घेत नाही. दाखल्यावरची सही त्या अधिकाऱ्याचीच आहे, त्याला ती करण्याचा अधिकार होता आणि शिक्का खरा आहे, एवढेच ते सांगते. नागपूरच्या पासपोर्ट अधिकाऱ्याची सही दोह्यातल्या कारकुनाला ओळखता येणार नाही. दिल्लीचे परराष्ट्र मंत्रालय ती ओळखते, त्या मंत्रालयाची सही कतारची वकिलात ओळखते आणि त्या वकिलातीचा शिक्का दोह्यात ओळखला जातो. प्रत्येक शिक्का म्हणजे आधीच्या सहीबद्दलची साक्ष. म्हणूनच दाखल्यात चूक असेल, तर ती कितीही शिक्के मारले तरी सुधारत नाही.

ही लांबलचक साखळी कमी करण्यासाठी ५ ऑक्टोबर १९६१ रोजी हेग इथे एक आंतरराष्ट्रीय करार झाला. त्यानुसार सदस्य देशांतल्या नेमलेल्या कार्यालयाने अपोस्टिल नावाचे एकच प्रमाणपत्र लावले की दुसऱ्या सदस्य देशाने वकिलातीचा वेगळा शिक्का मागायचा नसतो. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू आहे आणि पीसीसीवर अपोस्टिल लावण्याचे काम परराष्ट्र मंत्रालय करते. त्यावर दहा क्रमांकित बाबी असतात. त्यांत देश, सही करणारी व्यक्ती, तिचे पद, शिक्का, ठिकाण, तारीख आणि अनुक्रमांक यांचा समावेश होतो. भारतात ते स्टिकरच्या रूपात कागदाला लावले जाते आणि त्यावरच्या क्रमांकावरून मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्याची खात्री करता येते. तुमच्या हातात कागद आला की तुम्हीही ती करून पाहा. तिथे तुमचा क्रमांक सापडला नाही, तर कागद पुढे पाठवू नका.

अपोस्टिलचे सरकारी शुल्क दर कागदामागे ५० रुपये आहे. अपोस्टिल नसलेल्या साध्या साक्षांकनाला मंत्रालय शुल्क घेत नाही. २०१२ पासून अर्जदारांकडून थेट कागद स्वीकारणे मंत्रालयाने थांबवले असून ते नेमून दिलेल्या सेवा संस्थांमार्फत घेतले जातात. त्या संस्थांचा ठरलेला सेवा आकार वेगळा द्यावा लागतो. त्यांची नावे आणि दर मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आहेत. पूर्वी सगळे कागद दिल्लीला जात, आता हे काम मुंबईसह देशातल्या अनेक शहरांत होते.

देश कोणता, त्यावर शिक्का ठरतो

आखातात जाणाऱ्यांनी इथे सर्वात जास्त लक्ष द्यावे, कारण शेजारशेजारच्या देशांचे मार्ग वेगळे आहेत. ओमान २०१२ पासून, बहारीन २०१३ पासून आणि सौदी अरेबिया डिसेंबर २०२२ पासून हेग करारात आहेत, तिथे अपोस्टिल चालते. संयुक्त अरब अमिराती, कतार आणि कुवेत या करारात नाहीत. त्यांच्यासाठी परराष्ट्र मंत्रालयाचे साधे साक्षांकन, मग त्या देशाच्या भारतातल्या वकिलातीचा शिक्का आणि तिथे पोहोचल्यावर त्यांच्या परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का, असा मार्ग असतो. या तिन्ही देशांच्या वकिलाती मुंबईत असल्यामुळे रत्नागिरी, रायगड किंवा मराठवाड्यातून जाणाऱ्यांना दिल्ली गाठावी लागत नाही. सेवा संस्थेच्या खिडकीवर कागद देताना देशाचे नाव ठळक लिहा. कुवेतच्या कागदावर अपोस्टिल आणि ओमानच्या कागदावर साधे साक्षांकन, अशा अदलाबदलीत वेळ आणि पैसा दोन्ही जातात.

नुकतेच करारात आलेले दोन मोठे देश म्हणजे चीन आणि कॅनडा. चीनमध्ये ७ नोव्हेंबर २०२३ पासून आणि कॅनडात ११ जानेवारी २०२४ पासून करार लागू झाला. पण चीनच्या करारप्रवेशाला भारताने आक्षेप घेतल्यामुळे भारत आणि चीन यांच्यात करार लागू नाही, म्हणून चीनमध्ये शिकवायला किंवा कंपनीच्या कामाला जाणाऱ्यांनी अपोस्टिलवर न विसंबता वकिलातीच्या शिक्क्याबद्दल विचारून घ्यावे. कॅनडाच्या व्हिसा अर्जात मात्र, वर सांगितल्याप्रमाणे, पीसीसीवर अपोस्टिलही लागत नाही. करारात असणे आणि व्हिसासाठी साक्षांकन मागणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

जर्मनीबद्दल महाराष्ट्रात सध्या खूप उत्सुकता आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने बाडेन-व्युर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी कुशल मनुष्यबळासाठी करार केला आणि गावोगावची मुले-मुली जर्मन शिकू लागली. जर्मनी हेग करारात आहे, पण भारताच्या करारप्रवेशाला त्या देशाने आक्षेप घेतला होता. त्यामुळे भारतीय अपोस्टिल मान्य करण्याचे बंधन जर्मन कार्यालयांवर नाही. कागदांबद्दल शंका आली तर जर्मन कार्यालय आपल्या इथल्या दूतावासामार्फत त्यांची स्वतंत्र पडताळणी करून घेऊ शकते. परिचारिका किंवा आरोग्यसेवेतल्या उमेदवारांना व्यवसाय मान्यतेच्या अर्जात पोलीस दाखला मागितला जाऊ शकतो. तो कोणत्या स्वरूपात हवा, किती जुना चालेल आणि भाषांतर कोणत्या दर्जाच्या भाषांतरकाराचे हवे, हे ज्या राज्यात नोकरी आहे तिथल्या मान्यता कार्यालयाला विचारूनच ठरवा. जर्मनीसाठी सरसकट अपोस्टिल करून घ्यायला सांगणाऱ्याला त्या कार्यालयाचे पत्र दाखवायला सांगा.

भाषांतराचा क्रमही महत्त्वाचा आहे. आपला पीसीसी इंग्रजीत वाचता येतो, त्यामुळे इंग्रजी चालणाऱ्या देशांत प्रश्न नसतो. स्पेन, इटली यांसारख्या देशांसाठी भाषांतर लागले, तर आधी अपोस्टिल घ्या आणि नंतर भाषांतर करा, म्हणजे अपोस्टिलचा मजकूरही भाषांतरात येतो. भाषांतर मूळ कागदाला जोडलेले असेल, तर झेरॉक्स काढण्यासाठी पिना काढू नका. सुट्या झालेल्या पानांवर समोरचा अधिकारी शंका घेऊ शकतो.

पूर्वी परदेशात राहिला असाल तर

एकदा दुबईत किंवा सिंगापूरमध्ये काम करून परतलेल्या माणसाकडून नव्या देशाच्या व्हिसासाठी त्या जुन्या देशाचाही दाखला मागितला जातो. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीत गेल्या दहा वर्षांत सलग सहा महिने किंवा जास्त जिथे राहिलात त्या देशाचा दाखला लागतो. ऑस्ट्रेलियात वयाच्या सोळाव्या वर्षानंतर आणि गेल्या दहा वर्षांत एकूण बारा महिने जिथे घालवले त्या देशाचा. ब्रिटनमध्येही वर सांगितलेल्या पदांसाठी गेल्या दहा वर्षांत बारा महिन्यांचा हिशेब धरतात. जुन्या पासपोर्टांतले शिक्के पाहून आधी तारखांची यादी करा.

दाखला त्या त्या देशाच्या यंत्रणेकडूनच मिळतो. ब्रिटनमध्ये तो ॲक्रो हे कार्यालय देते, अमेरिकेत एफबीआय बोटांच्या ठशांवरून गुन्ह्यांच्या नोंदीचा अहवाल देते, सिंगापूरमध्ये पोलीस दल देते. भारतात बसून बोटांचे ठसे द्यावे लागले, तर ते कोणासमोर घ्यायचे याच्या अटी त्या यंत्रणेने लिहून दिलेल्या असतात. हे काम भारतीय पीसीसीपेक्षा जास्त वेळ घेते, म्हणून पहिल्यांदा तेच सुरू करा. आणि सध्या परदेशात असाल तर निघण्याआधीच तिथला दाखला काढून घ्यायचा विचार करा. तिथे असताना जे काम सोपे असते ते परतल्यावर अवघड होते.

परदेशात असतानाच भारताचा पीसीसी हवा असेल, तर त्या देशातल्या भारतीय दूतावासात किंवा वाणिज्य दूतावासात अर्ज करता येतो. पडताळणीसाठी तो भारतातल्या तुमच्या जिल्ह्यात येऊ शकतो, म्हणून घरच्यांना आधी कळवून ठेवा.

क्रम लावा

सगळे कागद एकाच दिवशी काढायला धावू नका. प्रत्येकाचे आयुष्य वेगळे असते. पदवीचे साक्षांकन एकदा झाले की बराच काळ उपयोगी पडते आणि त्याला वेळही लागतो, म्हणून ते आधी करा. वैद्यकीय तपासणी आणि पीसीसी मात्र लवकर जुने होतात. पीसीसीला भारताकडून सर्व देशांना लागू अशी मुदत नसते, मुदत समोरचा देश ठरवतो. बहुतेक ठिकाणी सहा महिने, काही ठिकाणी तीन, ऑस्ट्रेलियात एक वर्ष. त्यात पुन्हा ती दाखल्याच्या तारखेपासून अर्जापर्यंत मोजतात की व्हिसा मिळेपर्यंत, हेही विचारून घ्या. अर्ज करण्याच्या दिवसापासून मागे मोजा, साक्षांकन आणि भाषांतरासाठी दिवस सोडा आणि त्यावरून पीसीसीच्या अर्जाची तारीख ठरवा.

सर्व बाजू स्पष्ट दिसतील असे स्कॅन काढून ठेवा. अपोस्टिल बहुतेक वेळा कागदाच्या मागे असते आणि फक्त पुढची बाजू अपलोड केल्यामुळे अर्ज अपुरा ठरतो.

एजंट आणि पैसे

एजंट घेण्यात गैर काही नाही. सुट्टी न मिळणाऱ्याला, कागदांची सवय नसलेल्याला त्याची मदत होते. पण अर्ज तुमच्या नावाने, तुमच्या मोबाइल क्रमांकावरून आणि तुमच्याच ईमेलवरून व्हावा. फाईल क्रमांक आणि पासवर्ड तुमच्याकडे असावा. पावती सरकारी शुल्क आणि सेवा आकार वेगळे दाखवणारी असावी. मूळ पासपोर्ट दुसऱ्याच्या हाती दिला तर त्याची तारखेसह पोच घ्या.

‘पोलीस ठाण्यात न जाता दाखला’, ‘दोन दिवसांत पीसीसी अपोस्टिलसह’ अशी जाहिरात दिसली तर सावध व्हा. बनावट दाखला इथे खपला तरी तिथे क्रमांक तपासताना उघडा पडतो. कॅनडात खोटा कागद किंवा खोटी माहिती दिल्याचे सिद्ध झाले, तर पाच वर्षे प्रवेशबंदी होते. दाखला एजंटाने बनवला होता ही सबब तिथे चालत नाही, कारण अर्जाखाली सही तुमची असते. घरच्यांनी दागिने गहाण ठेवून उभ्या केलेल्या पैशांवर जाणाऱ्या मुलासाठी ही बंदी म्हणजे सगळ्या कुटुंबाचे नुकसान.

परदेशात नोकरी मिळवून देणाऱ्या भरती एजंटाकडे परराष्ट्र मंत्रालयाचा परवाना असणे बंधनकारक आहे. तो खरा आहे का ते ई-मायग्रेट या सरकारी संकेतस्थळावर पाहता येते. नियमाप्रमाणे असा एजंट उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून ३०,००० रुपये आणि त्यावरील जीएसटी यापेक्षा जास्त घेऊ शकत नाही. मुंबईत वांद्रे-कुर्ला संकुलातल्या विदेश भवनात पासपोर्ट कार्यालयाबरोबरच स्थलांतरितांच्या संरक्षणासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याचे कार्यालय आहे, तिथे तक्रार करता येते. पासपोर्ट आणि पीसीसीच्या शंकांसाठी १८०० २५८ १८०० आणि परदेशी नोकरीतल्या फसवणुकीसाठी प्रवासी भारतीय सहायता केंद्राचा १८०० ११ ३०९० हे क्रमांक लिहून ठेवा.

आज तुमच्या हातात नोकरीचे पत्र असेल, तर पीसीसीचा अर्ज भरण्याआधी एक काम करा. कंपनीला ते चार प्रश्न ईमेलने पाठवा आणि उत्तर येईपर्यंत पासपोर्ट, आधार आणि दहावीची गुणपत्रिका समोर ठेवून नावे जुळवा. नाव दुरुस्त करावे लागणार असेल, तर पहिले पाऊल तिथेच पडायला हवे. उत्तर आले की कोणता दाखला, कोणता शिक्का आणि कोणती तारीख हे एका कागदावर लिहा, आणि एजंटाकडे गेलात तरी तो कागद सोबत न्या.